चौथा पिस्टन आणि मामीची किटली

व्हिया ओर्तिगा,
रविवार, ६ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप ओविदियोमामा यांना भाचा एलिसेओ याचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमची, मिर्ताताईची आणि नव्या बाळाची (खरं तर बाळाचं नाव आधी यायला हवं होतं, पण आता खाडाखोड नको) प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. तिकडच्या वाऱ्याने दोरीवरचे कपडे शेजारच्या गल्लीत जातात असं ताईने लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही टोपी हनुवटीखाली बांधत असाल असं धरून चालतो. इकडे सर्व ठीक. मामीचा गुडघा बरा आहे, टोमॅटोची रोपं लागली आहेत, आणि ट्रोम्पो कुत्रा या आठवड्यात एकाही माणसाला चावलेला नाही. तुमची टोरिनो गाडीही बरी आहे. ती नेमकी किती बरी आहे हे कळवण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. कृपया बसून वाचावं.

ताईकडे जाताना तुम्ही गाडीच्या स्टिअरिंगला चिठ्ठी बांधून गेला होतात: ‘फक्त इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट बदल. बाकी कशालाही हात लावू नकोस.’ ती मी चार वेळा वाचली, हात धुतले आणि झाकण काढलं. जुनं गॅस्केट भिजलेल्या बिस्किटासारखं तुकड्यातुकड्यांनी निघालं. नवं बसवायला दहा मिनिटं लागली असती, आणि हे पत्र इथेच संपलं असतं. पण झाकणाखालच्या एका पट्टीवर मला खाच दिसली (दिसली म्हणजे नख अडकलं), आणि मनात आलं, उघडलंच आहे तर बघून घेऊ. मामा, ‘उघडलंच आहे तर’ या तीन शब्दांपासून माणसाने लांब राहावं. पट्टी बघायची तर व्हॉल्व्ह बघायला हवेत, व्हॉल्व्ह बघायचे तर हेड उतरवायला हवं. हेड उतरवल्यावर दोन व्हॉल्व्ह करपलेल्या पावासारखे निघाले. ते बदलायचे, तर खाली पिस्टनच्या रिंगा कशा आहेत हे न बघता झाकून टाकणं मला खोटेपणाचं वाटलं. तिसऱ्या गुरुवारी इंजिन अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाच्या तुळईला साखळीने टांगलेलं होतं (तुळई टिकली, वेलाची एक फांदी गेली), आणि जेवणाच्या टेबलावर तीनशे अठरा सुटे भाग माटे चहाच्या पाल्याच्या रिकाम्या पाकिटांत, प्रत्येकावर नाव घालून, ओळीने मांडलेले होते. मी आणि मामी मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. तिने एकदाच विचारलं, की ओट्यावरच्या बाटलीतलं तेल कोशिंबिरीत घातलं तर चालेल ना.

आता कुठपर्यंत जायचं हे मला एकट्याने ठरवता येईना, म्हणून यादी केली: करायलाच हवं ते, केलेलं बरं ते, आणि उघडलंच आहे तर करावं ते. (तिसरी यादी सगळ्यात लांब झाली.) ती घेऊन मी डॉन गारिबोत्तींच्या इंजिनदुरुस्तीच्या कारखान्यात गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर ठेवून, म्हणजे चष्म्याशिवाय, ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, “काय हो एंजिनियरसाहेब, ही गाडी क्लबापर्यंत जाऊन परत येते ना? की चंद्रावर न्यायचीय?” मी तंत्रशाळा दुसऱ्या वर्षी सोडली हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच ते मला एंजिनियर म्हणतात. मग पेन्सिलीने त्यांनी तिसरी यादी आडवी खोडली. सिलिंडर चांगले आहेत, त्यांना हात लावायचा नाही; क्रँकला नुसती पॉलिश; बेअरिंगा, रिंगा आणि ते दोन व्हॉल्व्ह नवे; बस. मला इतकं हलकं वाटलं की बरोबर नेलेले पिस्टन मोजायला सहज घेतले. पाच अगदी सारखे भरले. चौथा पाव मिलिमीटरने लहान. मी नऊ वेळा मोजला. मग गारिबोत्तींनी मोजला, आणि ते इतके हसले की टायरवर बसावं लागलं.

चौऱ्याहत्तरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तुमचा चौथा पिस्टन फुटला आणि भंगारातल्या गाडीचा लहान पिस्टन घालून तुम्ही शर्यतीत गाडी पळवलीत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. (घरात तुम्ही तिसरे आलात असं सांगितलं जातं. गारिबोत्ती सातवे म्हणतात, आणि गाड्याच एकूण आठ होत्या म्हणतात. मी कोणाजवळ बोललेलो नाही.) “सोमवारी बदलतो म्हणाला होता तुझा मामा,” ते डोळे पुसत म्हणाले. त्याला बावीस वर्षं झाली.

म्हणजे तुमच्या इंजिनाची ती टकटक तिथून येते. मामा, त्या टकटकीबद्दल मी तुम्हाला काय सांगावं? मला कान आहेत तेव्हापासून दर रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजताना तुमच्याच तोंडून ऐकत आलोय: क्लबातून निघालो, रेल्वेच्या फाटकाशी आलो, की माझ्या नेलिदाला टकटक ऐकू येते, ती किटली ठेवते, आणि मी दारात पाय ठेवतो तेव्हा माटेचं पाणी उकळायच्या अगदी आधी असतं, एक क्षण पुढे नाही, एक क्षण मागे नाही. आता योग्य मापाचा पिस्टन घातला तर टकटक जाणार, आणि लहानच ठेवला तर मी एवढं उघडून केलं काय? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी गारिबोत्तींना भीत भीत विचारलं, जुनाच ठेवला तर? ते म्हणाले, “माझ्या दारातून लंगडं इंजिन बाहेर पडणार नाही. लंगडं पाहिजे असेल तर घोडा पाळ.” आणि त्याच दमात म्हणाले, की चाळीस वर्षांत नटबोल्टांवर नावं घालून आणणारा एकही प्राणी त्यांनी पाहिला नव्हता, तेव्हा एक नोव्हेंबरपासून कामाला येतोस का? मामा, मला हे आजवर कोणीही विचारलेलं नाही. मी नवा पिस्टन घातला.

शुक्रवारी इंजिन सुरू केलं. झाकणावर नाणं उभं ठेवलं, ते उभंच राहिलं. आनंदाने (मामीला आधी विचारून) फाटकापर्यंत गाडी नेली आणि परत आणली. वाटेवरचा न्हावी, जो टकटक ऐकून मान वर न करताच तुम्हाला हात करतो, त्याने मानही वर केली नाही आणि हातही केला नाही. ट्रोम्पो परक्यावर भुंकावं तसा भुंकला आणि मागच्या टायरला चावला (टायर माणसांत धरलेला नाही). स्वयंपाकघरात गेलो तर किटली फळीवर गार, आणि मामी दाराकडे पाठ करून मटार सोलत बसलेली. बावीस वर्षं जमलेली गोष्ट मी एका दुपारी मोडली होती. तुमच्याच घरात तुम्हाला अनोळखी करून ठेवलं होतं.

तरीही काळजी नसावी. तेल एक थेंब गळत नाही, फरशी स्वच्छ आहे, टेबलावर आता जेवता येतं, आणि खरं सांगायचं तर माझे हे दीड महिने फार सुखाचे गेले. बाळाचा माझ्यातर्फे एक मुका घ्यावा.

तुमचा (चिठ्ठीपुरता सोडून) आज्ञाधारक भाचा,
एलिसेओ

ता. क. जुना पिस्टन तेल लावून रुमालात जपून ठेवला आहे. माझी एक विनंती आहे: गारिबोत्तींना तुमच्या हाताने पत्र लिहावं, की ‘गाडीचा मालक या नात्याने माझा पिस्टन होता तिथेच मला परत हवा.’ त्यात मलाही दोन शिव्या घालाव्यात. मी स्वतः सांगितलं तर एक नोव्हेंबरचं काय होईल सांगता येत नाही. तुम्ही चिडलात म्हटल्यावर मात्र त्यांचा इलाज नाही. पत्र लगेच निघालं तर तुम्ही सव्वीसला याल तोवर काम होईल.

ता. क. दुसरा. मामी आत्ता मटारची परडी घेऊन आली आणि म्हणाली, एवढं काय लिहितोयस, वाच. मी सगळं वाचलं. (शर्यतीतला सातवा नंबर गाळून.) ती हसत सुटली. “अरे खुळ्या, तू आलास चार वाजता! उन्हाचं चारला कोण माटे पितं? तुझे मामा सातला येतात, सातला पाच कमी असताना मी घड्याळ बघून किटली ठेवते. कसली डोंबलाची टकटक!” मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मग मामी, नवाच पिस्टन राहू दे ना? तिने दोन शेंगा सोलल्या, तिसरी हातातच धरून ठेवली. मग म्हणाली, “लिही त्यांना. वेळेवर येतात तेव्हा घड्याळ पुरतं. ज्या दिवशी उशीर होतो ना, त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून त्या टकटकीचीच वाट बघत असते. जुना बसव.”

तेव्हा गारिबोत्तींना लिहायचं पत्र हे मिळताच पहिल्या टपालाने पाठवावं. हेडचे बोल्ट मी आत्ताच सैल करून आलो. आणि आता उघडलंच आहे, तर... नाही, काही नाही. फक्त चौथा.