जोडीचे शब्द आणि इतर मिळकत यांची वाटणी

मी, अनंत मारोतराव भोयर, वय तेवीस, मूळ राहणार भिवापूर, हल्ली मुक्काम कोराडी, धंदा इंग्रजीच्या शिकवण्या, धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या खाटेवर बसून, पूर्ण शुद्धीत, कोणाचा दबाव नसताना, उलट आईचा कडक विरोध असताना, माझ्या मागे काय कोणाचं ते या कागदाने ठरवून ठेवतो. उद्या सकाळी माझं मूतखड्याचं ऑपरेशन आहे. प्रेमात होरपळलेल्या माणसाला आजार तरी जरा शोभेलसा व्हायला हवा होता, पण ते आपल्या हाती नसतं.

आई पायथ्याशी बसून सारखी विचारते, "काहून लिहून राहिला बाबू हे? मूतखड्यानं कोनी मरते का?" मी डॉक्टरांना सरळच विचारलं होतं. ते म्हणाले, थोडी रिस्क असतेच. डेंजर म्हणाले नाहीत. डेंजर आपल्या अंगावर चालून येतं, रिस्क आपण होऊन उचलतो. उचलली आहे तर मागची व्यवस्था लावली पाहिजे. कायद्याची भाषा शेजारच्या खाटेवरचे वामनराव सांगतात. त्यांची उमर वकिलाकडे कारकुनी करण्यात गेली. माझा तोल सुटला की ते "हे खोडा" म्हणतात. मी खोडत नाही.

कलम १. भिवापूरच्या मिरचीच्या वावरातला माझा हिस्सा थोरला भाऊ गिरिधर याला. त्याने मला कॉलेजात घातलं ते मी मिरची तोडताना शिंकून शिंकून मजुरांना हसवतो म्हणून, असं तो चारचौघांत सांगतो. फी भरताना मात्र त्याने कधी शिंकेचा विषय काढला नाही. राहतं घर आहे त्यात माझा जो काही हक्क असेल तोही त्याला. पण चूल, देव्हारा आणि कोणाला केव्हा रागवायचं हा अधिकार आईचा, तिच्या हयातीपर्यंत. म्हणजे हाऊस दादाला आणि होम आईला. वहिनीने हरकत घेऊ नये, तिचीही पाळी येईल.

कलम २. पोस्टात जे असेल ते आईला. सायकल दादाच्या पोराला, पाय पुरले की. कोराडीला पंचफुलाबाईंच्या ओसरीत माझी शिकवणी भरते. तिथला फळा त्यांनाच. रोज सकाळी त्यावर वीजघराची राख बसते, ती त्यांनीच न सांगता पुसली आहे. त्यावर पापड वाळवले तरी माझी ना नाही.

कलम ३. माझा राग. हा स्वकष्टार्जित आहे. त्यातला मोठा वाटा इंग्रजीचे मार्तंड सर यांना. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला ते वर्गात म्हणाले, 'एन्व्ही' आणि 'जेलसी' एकच, पेपरात कोणताही लिहा. मी उभा राहिलो. दुसऱ्याजवळचं आपल्याला हवंसं वाटतं ती एन्व्ही. आपल्याजवळचं दुसरा नेईल म्हणून जीव जळतो ती जेलसी. सर म्हणाले, एवढं येतं तर इकडे या आणि तुम्हीच शिकवा. मी गेलो आणि तास संपेपर्यंत शिकवलं. लेखी माफी मागा असा निरोप आला, त्याऐवजी मी कॉलेज सोडलं. वामनराव हे खोडा म्हणतात. सरांना मी हाही शेरा देतो की त्यांचा आवाज गोड होता आणि कविता वाचावी तर त्यांनीच.

त्या तासाला सगळा वर्ग बाकं बडवत होता. एक मुलगी बडवत नव्हती. तिने हात वर करून मला विचारलं, "एखादी गोष्ट आपल्याजवळ नाहीच, तरी दुसरा नेईल म्हणून जळत असेल, तर त्याला काय म्हणायचं?" मी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. ती मुलगी प्रेमलता.

कलम ४. पुढे आम्ही एकमेकांना शब्दांच्या जोड्या घालत असू. मी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभा राहायचो, ती आली की एक जोडी द्यायची, मी दुसऱ्या भेटीला फरक आणायचा. तिने 'अलोन' आणि 'लोनली' दिली तेव्हा मी डिक्शनरीतलं सांगितलं. ती म्हणाली, पुस्तकी. स्टॉपवर कोणी नसलं की अलोन. कोराडीची बस खच्चून भरून गेली आणि त्यात आपण बसलेलो, तर लोनली. त्या बसमध्ये मी रोज बसतो, आणि रोज मान्य करतो. या सर्व जोड्या, लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या, आधीपासूनच तिच्या.

कलम ५. तिचे वडील मधुकरराव मोहरील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. उन्हाळ्यात दादा मला घेऊन त्यांच्याकडे रीतसर बोलायला गेला. साक्षगंधाची तारीख काढायची, इथवर गोष्ट आली होती. चहा येत होता. मधुकरराव लाडाने म्हणाले, "आमची प्रेमलता जरा चाइल्डिश आहे, सांभाळून घ्या." मी म्हटलं, "चाइल्डिश नाही काका. चाइल्डिश म्हणजे पोरकट. तुम्हाला चाइल्डलाइक म्हणायचं आहे, म्हणजे मुलासारखं निर्मळ." माझ्या मते मी मुलीचा मान राखत होतो. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, डिग्री नाही, नोकरी नाही, अशा मुलाला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात. मी म्हटलं, 'अनएम्प्लॉइड' म्हणतात, 'आयडल', म्हणजे रिकामटेकडा, नाही. आणि उठलो. मुलीच्या घरून सोयरिकीच्या बैठकीतून चहा न घेता उठणं म्हणजे सोयरीक मोडणं, हे विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. दादा माझ्या मागोमाग आला. स्टँडवर म्हणाला, "तुले फरकच पाहाचा होता त मानसामानसातला पाहाचा होता गा."

मी आजही म्हणतो, अर्थ माझाच बरोबर होता. तरी मधुकररावांवरचा राग मी परत घेतो. मुलीला कोणत्याही शब्दाने सांभाळून घ्या म्हणणारा बाप मला आवडला होता, हे त्यांना कळावं.

कलम ६. आता अकोल्याचा एक बँकवाला प्रेमलतेला पाहून गेला आहे आणि होकार यायचा आहे, असं ऐकतो. तिने मला थांबीन म्हणून सांगितलं होतं. त्या बोलण्यातून मी तिला या कलमान्वये मोकळी करतो, ऑपरेशन कसंही होवो. मिळकतीपैकी माझी मोठी डिक्शनरी आणि वडिलांचं मनगटी घड्याळ तिला द्यावं. बँकवाला खर्चाला हात आखडेल तर 'थ्रिफ्टी' आणि 'मायझर्ली' यांतला फरक तिने त्याला पहिल्याच महिन्यात समजावून द्यावा. वामनराव हे खोडाच म्हणतात.

पुरवणी कलम. इथवर लिहून झालं आणि दारात प्रेमलता उभी. दादाने कळवलं असावं. तिने आईला नमस्कार केला, माझ्या हातातून कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. मधे एकदा हसली, ते पापडांना की बँकवाल्याला, कळलं नाही. सहाव्या कलमाशी आल्यावर, आजवर मला 'तुम्ही' म्हणत आलेली ही मुलगी आईसमोर म्हणाली, "तू कोण रे मला मोकळी करणारा? मी काय तुझ्या खुंट्याला बांधलेली होते?"

मी म्हटलं, अकोल्याचं काय.

"काल बाबांना नाही म्हणून सांगितलं. आज त्यांना सांगूनच इथे आले. त्यांनी चष्मा पुसला. रिक्षा मात्र त्यांनीच थांबवली."

आई म्हणाली, "बस वं माय, उभी काहून?" ती बसली नाही. साक्षीदार कोण, विचारलं. वामनराव म्हणाले, एक मी, दुसरा कोणीतरी पाहा. ती म्हणाली, मी करते सही. वामनराव मान हलवून नाही म्हणाले. ज्याच्या नावे काही ठेवलं आहे त्याची साक्ष आमचे वकीलसाहेब घेत नसत. सही केलीत तर सहावं कलम गेलं असं धरा, घड्याळ गेलं, डिक्शनरी गेली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "'स्पेक्टेटर' आणि 'विटनेस'. सांग फरक."

पाहणारे दोघंही, मी म्हटलं. एक पाहून घरी जातो. दुसऱ्याला जे पाहिलं त्याला बांधून राहावं लागतं.

"हे पुस्तकी नाही," ती म्हणाली, आणि पेन मागितलं.

सबब सहावं कलम साक्षीदाराच्या हट्टामुळे रद्द. वामनरावांच्या सांगण्यावरून मी खोडलेलं हे एकच.

ठिकाण : धंतोली, नागपूर
तारीख : १४ ऑक्टोबर १९७८

लिहून ठेवणार : अनंत मारोतराव भोयर (सही)

साक्षीदार पहिला : वामनराव, शेजारची खाट (सही). लिहिणाराचं डोकं गरम, पण ठिकाणावर आहे.

साक्षीदार दुसरी : प्रेमलता मधुकरराव मोहरील (सही). याच्या मागे मला काहीही मिळणार नाही, हे समजून आणि तेच हवं म्हणून सही केली आहे.