बाबांच्या बुलेटचा फोर्क

६ जानेवारी, मंगळवार

पुण्याहून परत. लेकीकडे पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले. बस द्वारका चौकात नेहमीसारखी अडकून पडली, तरी चिडले नाही, इतकी घरची ओढ.

चहा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. बाबांच्या बुलेटवरचं कापड काढलं, नेहमीप्रमाणे आधी हेडलाइट पुसायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पुढचा सगळा भाग परका. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन्ही दांडे नवे, चाक नवं, चाकाला जेवणाच्या ताटासारखी चकचकीत डिस्क. बाबांचा फोर्क नाही. ब्रेकचा तो गोल, डब्यासारखा ड्रम नाही.

वर आले. नवरा पेपर वाचत होता.

"बघितलीस? सरप्राइज!"

"अरविंद, माझा फोर्क कुठाय?"

"माझ्या गाडीला. अगं, त्या मॉडेलला तोच शोभतो. आणि तुला मस्त डिस्क ब्रेक. या वयात चांगला ब्रेक नको का तुला?"

या वयात! माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे हा.

आज पुढे लिहवत नाही. रागाने अक्षर वाकडं येतंय.

७ जाने.

रात्री नीट झोप नाही. सकाळी अ.ने सगळं समजावून सांगितलं, जणू मी अंबडच्या त्याच्या जुन्या कारखान्यातली शिकाऊ कामगार आहे.

झालं ते असं. निवृत्त झाल्यावर त्याने मालेगावहून एक मोटारसायकल आणली, बाबांच्या बुलेटहून जुनी, मॉडेल वेगळं, पण फोर्क एकाच जातीचा. इंजिन अस्सल, पण पुढे कुणीतरी कधीकाळी भलत्याच गाडीचा फोर्क ठोकलेला. १८ तारखेला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. तिथले परीक्षक म्हणे एकेक नट बघतात. त्या काळचा फोर्क आणि ड्रम बाजारात मिळेना, म्हणून घरातलाच काढला. माझ्या गाडीला अपघातात गेलेल्या एका नव्या मॉडेलचं पुढचं धूड, भंगारवाल्याकडून.

"दोघांचंही भलं झालं की!" म्हणाला.

कॉन्व्हेंट शाळेत शेजारणीचं खोडरबर घ्यायचं तरी सिस्टर आधी विचारायला लावायच्या. तिने मान हलवल्याशिवाय हात लावायचा नाही. आम्ही हसायचो तेव्हा. या माणसाला त्या शाळेत घालायला हवं होतं.

८ जाने.

आज दुसरं उघडकीला आलं.

गाडी बाहेर काढायला हॅन्डल उजवीकडे पूर्ण वळवलं, टण्ण आवाज झाला. हॅन्डल टाकीवर आपटलं. वाकून बघते तर तिथे आधीचाच एक पोचा, रुपयाएवढा, रंग उडालेला.

याच टाकीवर बसून मी शाळेत जायचे. बाबा तोफखान्यात, आमचं घर देवळाली कॅम्पात. पुढे मी, मागे दादा, दोघांची दप्तरं बाबांच्या खांद्याला. फाटकाशी सिस्टर उभ्या असायच्या. बाबा लांबूनच इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत आणायचे, प्रार्थनेत आवाज नको म्हणून. पुढे कॉलेजात गेल्यावर त्यांनीच क्वार्टरमागच्या मैदानात मला चालवायला शिकवली. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. आई खिडकीतून ओरडायची, "मुलीचे पाय मोडाल!" बाबा गेल्यावर दादाला गाडी नकोच होती. मला हवी होती. मागून घेतली मी ती.

अ.ला पोचा दाखवला. खाली बसून बघितलं, जीभ चावली. "हे सलीमकडून राहिलं वाटतं."

राहिलं!

९ जाने.

लिहू की नको. लिहितेच.

सकाळी हट्टाने गाडी काढली. म्हटलं, एवढं कौतुक आहे तर बघू तरी. कॅम्पाच्या बाजूला गेले, तिकडे सकाळी रस्ता मोकळा असतो. गाडी चांगली पळाली. खोटं कशाला बोलू, खड्ड्यात पुढचं चाक पूर्वीइतकं आदळत नव्हतं.

वळणावर समोर द्राक्षांचा टेम्पो आला. बाबांचा ब्रेक म्हणजे लांबून बघून, चारही बोटांनी, अख्ख्या मुठीचा जोर लावून दाबायचा. हाताला तीच सवय. तसाच दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडीचं नाक खाली गेलं, मागचं चाक बाजूला फिरलं आणि मी कडेच्या मातीत. गुडघा सोलला, हाताला खरचटलं. गाडी आडवी. सायकलवरून जाणारा एक जवान थांबला, गाडी उभी करून दिली. "आंटीजी, इस उमर में बुलेट?" माझं वय आज सगळ्यांच्या तोंडात.

म्हणजे माझ्या सुरक्षेसाठी बसवलेल्या ब्रेकनेच मला पाडलं.

अ. घाबरला. हळद घेऊन आला, गुडघा धुतला, फुंकर घातली. चेहरा उतरला होता. मग तोंड उघडलंच: "डिस्कला दोन बोटं पुरतात गं. सांगायचं राहिलं."

पुन्हा राहिलं! विचारायचं राहिलं, सांगायचं राहिलं. काढायचं तेवढं नाही राहिलं.

१० जाने.

पुण्याहून मृदुलाचा फोन. अ.ने लेकीचे आधीच कान भरलेले.

"आई, लागलं का फार? पण बाबांचा हेतू चांगलाच होता ना?"

"हेतू मी कुठे विचारला?"

"अगं, एका फोर्कसाठी तुम्ही दोघं बोलत नाही आहात!"

"तुझ्या नवऱ्याने तुझ्या लॅपटॉपचा पडदा काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावला तर?"

म्हणाली, "तो असं करणार नाही." माझंही असंच मत होतं.

१२ जाने., सोमवार

सलीमभाईंच्या गॅरेजला गेले. द्वारकेपासून आत, गल्लीच्या टोकाला. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही, दोन बोटांनी ब्रेक धरून. अ.ची गाडी तिथेच होती, प्रदर्शनासाठी पॉलिशला आलेली. बाबांचा फोर्क अंगावर घेऊन उभी. फार देखणी दिसत होती, ते जास्त झोंबलं.

"सलीमभाई, कुणाला विचारून काढलात?"

"साहेब बोलले, मॅडमला माहिताय, मॅडम खूश आहेत."

"मी पुण्यात होते! मला काही माहीत नव्हतं."

"आता मला काय माहीत? एकाच घरात राहता ना तुम्ही दोघं?"

मी टाकीवर बोट ठेवलं.

मग पोच्याचं विचारलं. फ्रेमच्या गळ्यावर एक लोखंडी खुंटी असते, हॅन्डल ठरावीक हद्दीपुढे वळू नये म्हणून. नव्या मॉडेलचा फोर्क त्या खुंटीला भलतीकडेच अडत होता, हॅन्डल नीट वळेना. म्हणून यांनी खुंटीला ग्राइंडर मारला.

"जरासा जास्त गेला, मॅडम."

"जरासा? खुंटी उरलीच नाही!"

"वेल्डिंग मारून देतो ना. टेन्शन कायको?"

"बाबांच्या फ्रेमवर वेल्डिंग?"

"लोकं आख्खी फ्रेम बदलतात, मॅडम. तुम्ही खुंटीला रडता."

रडत नव्हते. डोळ्यात पॉलिशची धूळ गेली होती. म्हटलं, आत्ता माझ्यासमोर माझ्या गाडीचा पुढचा भाग सोडवा आणि माझा फोर्क परत बसवा. "साहेबांना फोन करतो," म्हणाले. "करा," म्हटलं, "पण पाना हातात घेऊन करा."

फोन लागेना. त्यांनी काम सुरू केलं.

१३ जाने.

सकाळीच अ. गॅरेजला जाऊन आला. धाडकन दार. "प्रदर्शन पाच दिवसांवर आलंय आणि तू माझी गाडी उघडायला लावलीस?"

"तुझी गाडी नाही. माझा फोर्क."

"निदान मला विचारायचंस!"

हे म्हणाला. शब्दन् शब्द. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण आंघोळीला निघून गेला. आंघोळ सकाळीच झाली होती.

दुपारी सलीमभाईंचा फोन. साहेब सांगतात जुना फोर्क मॅडमच्या गाडीला लावायचा नाही, मॅडम सांगतात लावायचा. म्हणून त्यांनी दोन्ही गाड्यांचे फोर्क काढून ठेवलेत. "दोघं एकत्र या, माझ्यासमोर एक काय ते बोला, मग बसवतो. पुन्हा कुणी म्हणायला नको, सलीमने विचारलं नाही."

१४ जाने.

संक्रांत. अ.ने तिळगूळ हातावर ठेवला. घेतला. गोड होता. बोलणं नाही.

संध्याकाळी एकटीच गॅरेजवरून जाऊन आले. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, इंजिनखाली लाकडाचे ठोकळे, पुढे ना चाक ना हॅन्डल. दोघीही आंधळ्या वाटल्या. बाबांचा फोर्क पोत्यावर आडवा ठेवलेला. ड्रमवरून हात फिरवला. सलीमभाई लांबून म्हणाले, "मॅडम, साहेब पण सकाळी असंच करून गेले."

१५ जाने.

जेवताना बोलला एकदाचा.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

मी दिवसभर यावरच आहे. मला वाटत होतं हा विसरला, याच्या लक्षात आलं नाही, पुरुषांचं असतं तसं. तसं नव्हतं. माझं 'नाही' याला आधीपासून माहीत होतं. मी लेकीकडे जाण्याची वाट बघितली याने. बसमध्ये बसवून द्यायला आला होता, पाण्याची बाटली दिली, खिडकीतून हात हलवला. आणि मग सलीमभाईंना फोन.

ब्रेकचा राग एवढा नव्हता. खुंटीचाही नव्हता.

१६ जाने.

राग आहेच. पण आज भाजी चिरताना वेगळंच डोक्यात आलं. प्रदर्शनात गाड्या नुसत्या उभ्या करायच्या नाहीत, शेवटी सगळ्यांनी शहरातून फेरी मारायची आहे, उतारावरून, गर्दीतून. बाबांचा ड्रम तापला की गाडी डावीकडे ओढते. तेव्हा लिव्हर सोडायचा, क्षणभर थांबून पुन्हा धरायचा. हे कुठल्याही पुस्तकात नाही, सलीमभाईंनाही माहीत नसणार. फक्त बाबांना माहीत होतं आणि मला आहे. अ.ने माझा फोर्क नेला, ड्रम नेला, हे न्यायचं त्याला सुचलं नाही. नेता येण्यासारखं नव्हतंच ते.

त्याला सांगायचं की नाही? गुडघ्यावरची खपली अजून ओली आहे. पडू दे त्यालाही एकदा.

मी असं काय मनात आणतेय, स्वतःचीच लाज वाटली.

१७ जाने., शनिवार

चहा आज त्याने केला. आलं जास्त. समोर बसला, कप बाजूला ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"तुझ्या बाबांचा फोर्क आणि ब्रेक उद्या एका दिवसासाठी माझ्या गाडीला लावू का? नाही म्हणालीस तर नाही. सलीमला तसं सांगून येतो, तुझ्या गाडीला बसवून टाकतो. खुंटी पण करून घेतो, तू उभी राहून सांगशील तशी."

इतक्या वर्षांत याला असं बोलताना मी ऐकलेलं नाही.

मी म्हटलं, "प्रदर्शन उद्या आहे म्हणून विचारतोयस."

"हो," म्हणाला. "पण विचारतोय."

सलीमभाईंना अर्धा दिवस तरी लागेल दोन्ही बसवायला, म्हणजे बारापर्यंत सांगायला हवं. आता साडेदहा झालेत. सलीमभाईंचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही त्याने उचलले नाहीत. माझ्याकडे बघत नाही, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालतोय, दुसऱ्यांदा.

मी कपडे बदललेत. गॅरेजला दोघांनी मिळून जायचं आहे, ते तर कुठल्याही उत्तराला लागणारच. त्याला अजून काही बोललेले नाही. थांबू दे जरा.