मैनाबाईच्या वेलीची व्यवस्था

मी, भगवंत काशिनाथ सावे, वय एकाहत्तर, धंदा डाय-कारागीर, राहणार पाम, तालुका व जिल्हा पालघर, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत आणि डावा कान पत्रा दाबायच्या प्रेसच्या आवाजाने गेलेला आहे. वकीलबाई म्हणाल्या, कानाचा उल्लेख लागत नाही. पण म्हाताऱ्याने नीट ऐकलेच नव्हते, असे पुढे कोणी म्हणायला नको. कोणाच्या दबावाखाली, नशेत किंवा रागाच्या भरात हे लिहीत नाही, असे घालायची रीत आहे. पैकी दबाव नाही, नशा मी जन्मात केली नाही. राग आहे. तो शब्द टाईप करताना गाळू नये.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळेच सुजितला दिले होते.

१. माझी माणसे. पत्नी मैनाबाई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारली. मुलगी प्रतीक्षा वैतरण्याला दिलेली आहे. मुलगा सुजित, सून स्वाती आणि दोन नातवंडे बोईसरला कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहतात. मैनाबाईचे दागिने प्रतीक्षाने घ्यावेत, आणि या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती आईवर गेली आहे, कोणाच्या गोड बोलण्याला भुलत नाही. तो गुण तिला माझ्याकडून मिळालेला नाही हे उघडच आहे.

२. पाम येथील राहते घर, विहिरीसह व मागच्या चार माडांसह, सुजितला द्यावे. हे घर मी आणि मैनाबाईने पोटाला चिमटा काढून बांधले. बापाने रागात पोराला बेघर केले, असे मागे बोलणे नको.

३. दुकान व त्याच्या पुढची ओसरी. याविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल.

आमच्या गल्लीत डायची अकरा दुकाने होती. हा कागद कोर्टात गेला तर जजसाहेबांसाठी सांगतो. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरतात. त्यावर सोन्याचांदीचा पत्रा दाबला की बांगडीची, कानातल्याची नक्षी उठते. तो ठोकळा म्हणजे डाय. दुकाने वाडवळांची, भंडाऱ्यांची, वंजाऱ्यांची आणि एक आदिवासी बुधा वरठाचे. पूर्वी एकमेकांच्या ताटाला ताट लागत नसे, पण कामाला काम लागत असे. सराफाची मोठी ऑर्डर एकाला आली की तो ती गल्लीत वाटून देई. करार नाही, शिक्का नाही. कोणी कोणाला बुडवले नाही, कारण संध्याकाळी त्याच ओसरीवर येऊन बसायचे असे.

खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारे आणि प्रत्येकाच्या मूळ डाय माझ्या ओसरीवर एकत्र पूजेला मांडत, कारण गल्लीत सगळ्यांत लांब ओसरी माझी. एकदा मांडले की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार उचलायचे नाही, दाराला कुलूप घालायचे नाही आणि दुसऱ्याच्या डायला बोट लावायचे नाही. बोटाचा नियम वाडवडिलांनी विचार करून घातलेला होता. आमच्या धंद्यात नक्षीची खोली डोळ्याला कळत नाही, बोटाला कळते. बोट फिरवले की चोरी झाली. नुसते बघायला कोणालाच बंदी नव्हती. बघून कोणाचे काय जाणार, असे आम्ही समजत होतो.

शैलेश चुरी हा माझा शाळेपासूनचा दोस्त. गल्लीत त्याचेही दुकान होते, पण त्याचा जीव दुकानापेक्षा बैठकांत रमायचा. त्याने इटलीची एक कंपनी गाठली. नाव लिहिणार होतो, वकीलबाईंनी हात धरला. ठरले असे की यंत्रे, पैसा आणि परदेशातले गिऱ्हाईक त्यांचे, हात आणि नक्षी आमची. तारापूरच्या एमआयडीसीत दोघांची मिळून संयुक्त कंपनी निघायची, तिचा डायरेक्टर शैलेश आणि मॅनेजर माझा सुजित. गल्लीच्या बैठकीत शैलेश उभा राहून म्हणाला, "ते आपल्या घरात येतील, आपन त्यांच्या. दोन देश म्हंजे दोन भाव. आनि काय झालंच त मधी आमी हाय ना!" टाळ्या वाजल्या. पहिली टाळी माझी होती.

करारावर सह्या दसऱ्यानंतर व्हायच्या होत्या. पूजा बघायला म्हणून कंपनीचे मार्कोसाहेब खंडेनवमीला आले. चपला काढल्या, कपाळी कुंकू लावून घेतले, पुरणपोळी दोनदा मागून खाल्ली. माणूस मला बरा वाटला. दुपारी जेवून गल्ली झोपली, हत्यारांना सुट्टी म्हणजे आम्हालाही. तेव्हा साहेबांनी बॅगेतून इस्त्रीएवढे यंत्र काढले आणि एकेका डायवरून त्याचा निळा उजेड फिरवला. बोट लावले नाही. आमचा नियम त्यांनी काडीचाही मोडला नाही. खोली, उतार, पाकळीची कड, सगळे त्या उजेडाने उचलून नेले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. ओसरी माझीच असेल हे कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात शैलेशचे सोडून दहाही दुकानांना नोटिसा आल्या. सदर नक्ष्या संयुक्त कंपनीच्या नावे नोंदलेल्या असून परवानगीवाचून कोरल्यास कारवाई होईल. खाली सही शैलेशची. म्हणजे माझ्या बापाने कोरलेली कैरीची नक्षी मी कोरली तर चोर मी. मी नोटीस घेऊन त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला, "भगवंता, मनाला लावून घेऊ नको. ही नुसती पद्धत हाय. तू कंपनीत ये, तुला काय कमी पडनार नाय." केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. रक्त दिसत नाही आणि कापणारा वर पाणी विचारतो.

सहा दुकानांनी शटर ओढले. ती माणसे आता कंपनीत पाळीला जातात, सालवडला भाड्याने राहतात. यंत्र नक्षी कापते आणि ही माणसे यंत्राखालचा कीस झाडतात. मी त्यांना दोष देत नाही, पोट प्रत्येकाला आहे. उरलो आम्ही चौघे. आता कंपनीला माझे दुकान ओसरीसकट हवे आहे. परदेशी पाहुण्यांना दाखवायला तिथे 'पारंपरिक कारागिरी दालन' काढायचे आहे म्हणे. मी जिवंत असेपर्यंत ते होत नाही. मी गेल्यावरही होऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून दुकान व ओसरी, जी माझ्या स्वकष्टाची आहे, बुधा वरठा आणि गल्लीतले उरलेले दोघे, मोहन बारी व दत्ता मेहेर, या तिघांना सामाईक द्यावी. कोणी आपला हिस्सा कंपनीला, शैलेशला किंवा त्यांच्या सांगण्यावरून पुढे येणाऱ्या कोणाला विकू नये. विकायला काढला तर तो उरलेल्या दोघांकडे जावा. खंडेनवमी ओसरीवरच करावी. यापुढे मात्र पाहुण्यांना पुरणपोळी घरात बसवून वाढावी.

४. छिन्न्या, हातोड्या, कानशी, हातप्रेस बुधाला. माझ्या वडिलांची मोठी हातोडी त्याच्या हाताला जड पडेल, तरी ठेवावी.

५. मैनाबाईची वेल.

ही डाय मी कोरली, पण नक्षी तिची. ती ओसरीवर रांगोळीत एक वेल काढायची, तिचे एक पान नेहमी मागे वळलेले असे. मी एकदा विचारले तर म्हणाली, "सगळी पानं पुढं बघाया लागली त मागं कोन बघनार?" मी ती पोलादावर उतरवली. त्या वेलीच्या बांगड्या पार गुजरातेपर्यंत गेल्या. गल्लीत कोणीही डाय मागायला आला तरी 'मैनाबाईची वेल द्या' असेच म्हणे. आता कंपनीच्या कॅटलॉगात या वेलीचे नाव सोफिया आहे. जी बाई कधी सुरतेला गेली नाही, तिला मेल्यावर इटलीला जाऊन सोफिया व्हावे लागले.

त्या दुपारी मार्कोसाहेब ओसरीवर एकटे नव्हते. डायवर झेंडूची फुले वाहिलेली होती. कोणीतरी एकेका डायवरचे फूल उचलून धरत होते आणि उजेड फिरला की पुन्हा जागेवर ठेवत होते. मला हे बुधाने सांगितले, तेही नोटिसा आल्यावर वर्षाने. मी त्याच्यावर ओरडलो की इतके दिवस तोंड का शिवले होतेस. तो म्हणाला, "दादा, मी पायलं व्हतं. सुजितभाव फुलं उचलीत व्हता. मला वाटलं, तुमीच सांगलं आसंल. बापलेकात मी कशाला बोलू?"

मी सुजितला विचारले. त्याने लपवले नाही.

"आबा, हात कोनीच लावला नाय," तो म्हणाला. "आनि आज ना उद्या कोनीतरी नेलंच आसतं. आपन नाय त दुसरं."

"आईची वेल पण?"

"आईची त सगळ्यात भारी हाय. तीच पयली नेली."

हे तो अभिमानाने बोलला. आईला मोठे केले असे त्याला खरोखर वाटत होते. शैलेशने फसवले तेव्हा मला संताप आला, शिव्या सुचल्या. हे वाक्य ऐकून मात्र मी मोरीत जाऊन तोंड धुतले. शैलेश परका होता हे मला उशिरा कळले एवढेच. हा माझा होता.

वेलीची मूळ डाय बुधाची मुलगी तानी हिला द्यावी. ती माझ्याकडे चार वर्षे शिकते आहे आणि वळलेले पान तिलाच जमते. तिने ही वेल कोरावी, विकावी आणि मैनाबाईच्या नावानेच विकावी. नोटीस आली तर घाबरू नये.

६. बोईसरच्या बँकेत माझ्या नावे जे निघेल ते या वेलीसाठी कंपनीशी खटला चालवायला वापरावे. निकाल विरुद्ध गेला तरी पैसे वाया गेले असे समजू नये.

७. शैलेश चुरी याच्याविषयी. आम्ही ऐन विशीत दोघांत मिळून एक राजदूत मोटारसायकल घेतली होती. एक आठवडा त्याची, एक माझी, पेट्रोल ज्याचे त्याचे. आमची खरी संयुक्त कंपनी तीच, आणि ती तोट्यात असूनही कधी मोडली नाही. गाडी माझ्या पडवीत गंजते आहे. तिचा माझा अर्धा भाग मी शैलेशला देतो. कोणता अर्धा ते त्याने ठरवावे, वाटण्या त्याला चांगल्या जमतात. तो माझ्या दहाव्याला आला तर हाकलू नये, चहा द्यावा. शोकसभेत मात्र बोलू देऊ नये. तो फार सुंदर बोलतो, लोक रडतील, आणि कदाचित तोही खरेच रडेल. मला ते नको आहे.

८. कंपनीच्या स्वागतकक्षात एक मोठा फोटो लावला आहे. त्यात मार्कोसाहेब आणि शैलेश हस्तांदोलन करताहेत आणि मध्ये मी शाल पांघरून हसतो आहे. त्यातून मला काढावे, अशी विनंती प्रतीक्षाने लेखी करावी. गल्लीला भेट दिलेले कॉफीचे यंत्र माझ्या माळ्यावर आहे. ते भंगारात घालावे. त्यातून आजवर फक्त वाफ आली.

९. अग्नी सुजितने द्यावा. त्याबाबत माझे काही म्हणणे नाही.

१०. साक्षीदारांबद्दल. हे कलम मी पालघरला वकिलांच्या कचेरीत बसून माझ्या हाताने जोडतो आहे.

वकील हेतलबाईंनी समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, मागाहून तंटे होतात. साक्षीदार फक्त माझ्या सहीचा असतो, मजकुराचा नसतो, हेही त्यांनी सांगितले. ते कायद्याचे झाले. पामला हा कागद वाचतील तेव्हा खाली कोणाचे नाव आहे हेच लोक बघतील. म्हणून मी आज सुजितला बोलावून घेतले. सगळा मजकूर त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "साक्षीदार हो. घर मग प्रतीक्षाला जाईल. पण कलम पाचच्या खाली तुझी सही असेल, आणि तुला गल्लीत मान वर करून येता येईल."

त्याने सगळे वाचले. कलम पाच दोनदा वाचले. मी पेन त्याच्यापुढे धरून बसलो होतो.

"आबा, यात खोटं कायच नाय," तो म्हणाला.

मला वाटले, आला माझा पोरगा परत. इतका आनंद मला मैनाबाई गेल्यापासून झाला नव्हता, हे मी इथे लिहून ठेवतो.

मग तो म्हणाला, "पन घर मला पायजे. सई दुसऱ्या कोनाची घ्या."

तेव्हा घर त्याचे. कलम दोन आहे तसे राहील, त्यात फेरफार करू नये. सुजित बाहेर बाकड्यावर बसला आहे. मला पामला परत न्यायला गाडी त्याचीच आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील साक्षीदारांच्या समोर मी सही करीत आहे.

ठिकाण : पालघर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) भगवंत काशिनाथ सावे

साक्षीदार :

१. (सही) प्रदीप हरिश्चंद्र तामोरे, निवृत्त पोस्टमन, राहणार पाम

२. सुजित भगवंत सावे — हे नाव मी खोडले आहे. भ. का. सावे
(सही) विनोद रामदास घरत, वकिलांचे कारकून, राहणार पालघर