तिसऱ्या रांगेतली ताई

प्रिय नितेश,

हे पत्र तुझ्या गॅरेजच्या पत्त्यावर पाठवतेय. मेसेज केला असता तर रुचिराने आधी वाचला असता, आणि यातलं बरंचसं तुझ्या त्या बायकोबद्दलच आहे.

रविवारपासून माझा नुसता जळफळाट चाललाय. मुलुंडच्या हॉलमध्ये तुम्हा दारू सोडलेल्यांचा सत्कार झाला. शाल पांघरून तू झकास दिसत होतास, ते काही खोटं नाही. मग निवेदन करणाऱ्या बाईंनी तुमच्या बायकांना स्टेजवर बोलावलं. रुचिरा गेली. तिची ओटी भरली, खण-नारळ दिला, 'यांच्या साथीमुळेच' म्हणून टाळ्या वाजल्या. कसली डोंबलाची साथ? आपली वाट लागली होती तेव्हा ती बोरिवलीला माहेरी होती. पोर लहान होतं, गेली ते चुकलं असंही मी म्हणत नाही. पण तुला रस्त्यावरून उचलून रिक्षात कोण घालत होतं रे? ओकाऱ्या कोण पुसत होतं? ही गेल्या दिवाळीला परत आली, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला. बिनलग्नाच्या बहिणीची ओटी भरत नाहीत, ठाऊक आहे मला. मी तिसऱ्या रांगेत बसून तिची पर्स सांभाळत होते.

तू खाली आलास आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडलास. मी काय केलं? आशीर्वाद द्यायच्या आधी तुझं तोंड हुंगलं. सवय रे! अजून कोणीही दारात आलं की माझं नाक पुढे जातं. परवा शेजारच्या सावंतकाकांना हुंगलं, आणि ते माळकरी माणूस. अजून गादी उचलून बाटली शोधते. घरात मी एकटी, बाटली कोणाची निघणार? झोप तर कधीचीच उडालीय, आणि ऑफिसात बसल्या बसल्या रडू येतं. मी तुझं तोंड हुंगलं ते तुझ्या लक्षात आलं असावं. तू रागावला नाहीस. हळूच म्हणालास, "ताई, आता तू पण एकदा आमच्या डॉक्टरांना भेट."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. प्यायलास तू आणि वेडी मी? सत्कारानंतरच्या जेवणात भरल्या ताटावरून उठून मी घाटकोपरला घरी निघून आले. तू केलेले फोनही उचलले नाहीत.

त्या खणाचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त तुझा वाटतो. भरल्या हॉलसमोर माइक धरून तू म्हणालास, मी आजारी होतो. मला ते आरशासमोरही म्हणता येत नाहीये. काल तुझ्या डॉक्टरांकडे गेले होते, अर्ध्या जिन्यातून परत आले. गुरुवारी संध्याकाळचा नंबर पुन्हा लावलाय. येशील माझ्याबरोबर? रुचिराला काय सांगायचं ते सांग, पण एकटा ये.

तुझीच,
ताई