अध्यक्षांच्या घरचा सांधा

१४ नोव्हेंबर
गावची फायबर इंटरनेटची संस्था. बावीस घरं, अध्यक्ष मी. खंदक गावकऱ्यांनीच खणले, आता काचेच्या तारा तेवढ्या जोडायच्या. शेजारच्या गुनवोरची मुलगी इर्सा तारा जोडूनच पोट भरते. म्हणाली, टोर्कल काका, दोन दिवसांत सगळं जोडून देते, फुकट. नको म्हटलं. तिच्याकडे नुसते हात. मी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय.

माइकेनला शब्द दिला: १३ डिसेंबरला, लुसियाच्या सणाला, पर्थला आपली नात टीरा मेणबत्त्यांचा मुकुट घालून गाईल, ते तू घरच्या टीव्हीवर थेट बघशील. म्हणाली, बघू. चाळीस वर्षांच्या संसारानंतर हा विश्वास!

२० नोव्हेंबर
शुभारंभ अध्यक्षांच्या घरापासून. आधी साधी पद्धत: दोन टोकं चिमटीत समोरासमोर बसवायची, मध्ये थोडं जेल. मोजलं. तारेतून जाणारा निम्मा उजेड सांध्यातच गळतो. निम्मा पुष्कळ झाला. इर्सा म्हणाली, काका, टोक तिरकं कापलंय. मुद्दाम, असं सांगितलं.

२३ नोव्हेंबर, सकाळी
वितळवून जोडायचं मशीन आठवडाभर भाड्यानं आणलं. ठिणगी पडते आणि केसाएवढ्या दोन काचा एकजीव होतात. पहिलाच सांधा अप्रतिम! इर्सानं विचारलं, वरची नळी कुठाय? सांधा झाकायची नळी आधी तारेत ओवायची, मग जोडायचं. नंतर ओवता येत नाही आणि उघडा सांधा मोडतो. मला ठाऊक होतंच. कापला.

दुपारी
दुसऱ्यांदाही नळी राहिली. इतक्या लहान बनवतात की लक्षात कशी राहणार? तिसऱ्यांदा माइकेननं नेमकं कॉफी हवी का विचारलं. दोष तिचा, पण बोललो नाही.

२४ नोव्हेंबर
स्वयंपाकघरात उजेड बरा, म्हणून टेबल तिथलंच घेतलं. माइकेननं त्याच टेबलावर सभेसाठी वेलचीचे बन वळले. इर्सा आली आणि किंचाळलीच. काका, काचेचे तुकडे सांडलेत इथे, पोटात गेले म्हणजे? चाळीस बन कचऱ्यात. माइकेननं ओव्हन बंद केला. समजूतदार आहे.

२७ नोव्हेंबर
चौतिसावा प्रयत्न. दर वेळी चार बोटं तार कापावी लागते, हे कुणी धड सांगत नाही. अडीच मीटर जास्तीची तार संपली. आज ती भिंतीच्या भोकात आत गेली आणि दिसेनाशी झाली. नवी तार हवेनं फुंकून घालणारा माणूस बर्फ वितळल्यावर, मे महिन्यात येणार. निसर्गापुढे इलाज नाही.

२९ नोव्हेंबर
सभा. उरलेली एकवीस घरं इर्सानं जोडावीत, असा ठराव एकमतानं मंजूर. कल्पना मूळ माझीच, असं नोंदवायला सांगितलं. चिटणीस हसला. कॉफीबरोबर दुकानातली बिस्किटं होती.

१ डिसेंबर
इर्सानं दीड दिवसात आटोपलं. एकवीसच्या एकवीस चालू. घाईचं काम. टिकेल तेव्हा खरं.

१३ डिसेंबर, सकाळी दहा
सगळे गुनवोरकडे टीराचं गाणं बघायला जमलेत. इर्सा मला बोलवायला दोनदा येऊन गेली. काका, चला ना, मोठ्या टीव्हीवर लावलंय, म्हणाली. अध्यक्षानं दुसऱ्याच्या घरी जाऊन बघायचं म्हणजे अतीच. सर्दीचं कारण सांगितलं. खिडकीतून त्यांची खिडकी दिसते, पण टीव्ही पाठमोरा आहे.

साडेअकरा
माइकेन परतली. डोळे लाल. टीरा दोन कडवी चुकली, पण थांबली नाही म्हणे. शेवटी टीरानं पडद्यावरूनच विचारलं, आजोबा का नाही आले?

तू काय सांगितलंस, मी विचारलं.

सांगितलं, आजोबा घरी इंटरनेट बसवताहेत.

बरोबर सांगितलंस, मी म्हटलं. तिनं कोट काढला आणि दिवा न लावताच आत गेली. मला फार वाईट वाटलं.