भवानीच्या भावाने गेलेले चाळीस समभाग

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
बुधवार

तीर्थस्वरूप जीवनदादा यांस साष्टांग नमस्कार (मनात राग आहे, तरी नमस्कार पूर्ण घातला आहे).

नाशिकला तुझी व वहिनींची प्रकृती ठीक असेल. तुझा खोकला थांबला असल्यास आनंद आहे; नसल्यास या पत्राने तो वाढेल, कारण येथे घडलेल्या अनर्थाचे मूळ तुझ्यापाशीच जाते.

मराठीत विद्यापीठात पहिली आल्याबद्दल गावच्या मंडळाने दिलेल्या आठ हजारांचे, दोनशेच्या भावाने एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे चाळीस समभाग तूच मला घेऊन दिलेस. एम. ए.चे प्रवेशशुल्क दहा हजार चारशे, शेवटची तारीख शुक्रवार. म्हणून दोनशे साठला विकण्याची ऑर्डर मी लावून ठेवली होती. अशा नाजूक आठवड्यात तू फर्मावलेस की, हौसाआत्याला पैसे गुंतवायचे आहेत, तिला शेअर बाजाराचे प्राथमिक शब्द शिकव.

मी बावीस पानांची वही तयार केली: समभाग म्हणजे कंपनीच्या मालकीतला लहानसा वाटा, लाभांश म्हणजे नफ्यातून भागधारकास मिळणारा हिस्सा, इत्यादी (उदाहरणे समासात, लाल शाईने). आत्याला घरी सवड नाही, म्हणून शिकवणी मंगळवारी सकाळी नऊला, मासळी बाजारात, तिच्या पाटीशेजारी. चार माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही हे तू जाणतोस. तिथे बाराजणी कान देऊन बसल्या होत्या. ‘स्टॉप लॉस’ म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आधीच ठरवलेला विक्रीभाव, एवढे मी वाचते तोच आत्या म्हणाली, “ह्यात शिकवायचा काय? दुपार झाली का पापलेट मी तसाच काढते.” माझी साडेतीन पाने तिने एका वाक्यात संपवली.

सव्वानऊला शेअर बाजार उघडला. भाव कसा दिसतो ते दाखवायला मी मोबाईल पुढे केला. घेणारा दोनशे चौदा देत होता. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, आत्या कधीही परत पाठवत नाही, मग भाव काहीही असो.

“पयला गिराईक हाय, पोरी. भवानीला नाय बोलतेस?”

ठरावीक भावाची ऑर्डर ही संकल्पना मी समजावू लागले, तर शेजारची भामामावशी ओरडली, “एवरी शिकली, न् गिराईक परत धारते!” सगळा बाजार माझ्याकडे पाहू लागला. आणि दादा, दोनशे साठ खोडून, मिळेल त्या भावाला मी ते विकले. बोट माझे होते; परंतु निर्णय माझा होता, असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही.

दुपारी भाव दोनशे अठ्ठावन्न! मी तडक बाजारात जाऊन (रागाने, रिक्षा करून) आत्याला सांगितले. तिला पश्चात्ताप? “बघ, माज्या भवानीनं भाव चरला!” ज्या कंपनीचा एकही पंप तिने पाहिलेला नाही, तिची भरभराट तिने आपल्या नावावर लावली आणि वर मला कोलंबीचा वाटा दिला. (तो मी घेतला. तत्त्व निराळे, कोलंबी निराळी.)

आता शुल्काला अठराशे चाळीस रुपये कमी पडतात. माझे वर्ष बुडाले, तर त्याचे उत्तर तुम्ही दोघांनी द्यावे.

तुझी अत्यंत नाराज बहीण,
समृद्धी

ता. क. – पत्र टपालात टाकायचे राहिले. आज शुक्रवार, तो समभाग एकशे एकाहत्तरवर आहे. वरील ‘अनर्थ’ हा शब्द कृपया वाचू नये.

आणखी ता. क. – शुल्क भरले गेले. कमी पडलेली रक्कम घेऊन आत्या स्वतः कॉलेजात आली. खिडकीशी कारकुनाला तिने “शेवटचा किती?” असे विचारले आणि तो शंभर रुपयेही सोडीना, तेव्हा मागून हाक मारील या आशेने मला हाताला धरून दोनदा दारापर्यंत नेले. त्याने हाक मारली नाही. तरी ते अठराशे चाळीस तू तिला पाठव, माझ्याकडून ती घेत नाही. आणि यापुढची शुल्के नाशिकहूनच भरता येतात का ते पाहा, कारण त्या खिडकीपुढे पुन्हा उभे राहण्याचे धैर्य माझ्यात उरलेले नाही.