मोठ्या आईनं घालून पाहिलेला हेडसेट

हैदराबाद
दि. २ डिसेंबर २०२४

ती. मोठी आई हिस,
दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना पत्र कशाला, असं इथल्या मैत्रिणी विचारतात. मी सांगते, आमच्या गोंडपिपरीच्या घराची एक भिंत राइस मिलची आहे, धानाच्या हंगामात फोनवर मोटारीशिवाय काही ऐकू येत नाही, आणि माझ्या मोठ्या आईला, म्हणजे मोठ्या काकूला, बोलताना मधे कुणी तोडलेलं चालत नाही. आईबाबा अहेरीला नोकरीत असताना शाळेची सगळी वर्षं मी तुझ्याकडेच काढली, तेव्हा हे मला चांगलं पाठ आहे.

मी फार वैतागले आहे. आमचं विमान पंख्यांचं, आणि त्यांची घरघर कॉकपिटमध्ये सारखी डोक्यात घुसत असते. हेडसेट ज्याचा त्याने आणायचा. पहिला मला एका सीनियर बाईंनी दिला. तो शिकंज्यासारखा आवळतो, दुसऱ्या तासाला टाळू ठणकायला लागते. दुसरा घेतला तो कानात बोळे घालायचा, वजनाला काहीच नाही, पण त्याने कान असा खाजायला लागला की डॉक्टरने तो बंद करायला लावला. म्हणून परवा पुन्हा पहिलाच घालून उडाले. डोकं दुखत होतं. विमानतळाच्या कंट्रोलने रेडिओवर खाली किती उंचीवर यायचं ते सांगितलं, मला धड ऐकू आलं नाही, आणि नियमाप्रमाणे तो आकडा परत म्हणून दाखवताना मी अंदाजाने भलताच म्हटला. कॅप्टनने तिथल्या तिथे सुधारलं, पण शेरा लिहिलाच. आता जानेवारीच्या सुरुवातीला एक तपासनीस कॅप्टन माझ्या मागच्या खुर्चीत बसणार आहेत. पुन्हा तसं झालं तर मी को-पायलटच्या खुर्चीतून उठून परत ट्रेनिंगला.

तिसरा मागवला आहे, बॅटरीवर चालणारा. तो म्हणे घरघर खाऊन टाकतो आणि माणसाचं बोलणं तेवढं आत येऊ देतो. सुट्टी मिळणार होती म्हणून पत्ता तुझा दिला, आणि सुट्टी रद्द झाली. पार्सल जपून ठेव. पसंत नाही पडला तर महिन्याभरात परत करता येतो. मोठेबाबांना नमस्कार सांग.

कळावे. तुझी माया आहे, ती या दुखऱ्या डोक्यावर अशीच राहू दे.

तुझी,
दिव्यानी


गोंडपिपरी
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
कमळाचे अ. उ. आ.

पार्सल आलं, पण कधी आलं ते विचारू नकोस. तुझ्या मोठेबाबांनी सही करून घेतलं, कोंड्याच्या पोत्यांमागे टाकलं आणि विसरले. दिव्यानीचं काही आलं का, असं मी रोज विचारत होते. हे रोज हसून हो, हो म्हणायचे. कुठे ठेवलं विचारलं तरी हो, हो. शेवटी झाडताना माझ्याच हाताला लागलं.

आदेशला सांगितलं तर तो म्हणे, आई, एवढा महाग कशाले, आमच्या सिमेंटच्या कारखान्यात कानावर लावाचे टोप भेटते, दिव्यानीले एक आणून देतो. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, पण देतो म्हणाला की देतोच. तेव्हा तुला नको असेल तर लवकर कळव.

आता माझं ऐक, आणि हसू नकोस. संक्रांत झाली की मी तुझ्याकडे येते. चार दिवसांसाठी नाही, कायमची. या घरात मी पंधरा वर्षं भिंतीशी बोलते आहे. भाजी काय करू विचारलं, हो. पोट दुखतं म्हटलं, हो. गेल्या पोळ्याला माझा भाऊ दारातून न जेवता गेला, कारण यांनी त्याच्या बोलण्याला उत्तरच दिलं नाही. गिऱ्हाइकांशी मात्र हसणं चालू असतं. परवा यांच्यासमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, की मी दिव्यानीकडे जाते, परत येणार नाही. त्यावरही हसले आणि हो, हो म्हणाले. मग मी तरी कशाला राहायचं? मारझोड नाही, दारू नाही, म्हणून लोक मलाच वेडी म्हणतील. म्हणू देत.

तुझ्या खोलीत एक खाट मावते का ते बघून ठेव. तुझ्यावर जीव आहे, आणि तो आता पार्सल न करता स्वतःच घेऊन येणार आहे.

तुझी,
मोठी आई


हैदराबाद
दि. १३ डिसेंबर २०२४

ती. मोठी आई हिस,
दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

खाट मावते. मी मोजून पाहिलं. पण मोठेबाबा तू जाते म्हटल्यावर हसतील, हे मला खरं वाटत नाही. पाचवीत मी घरी उशिरा आले तेव्हा कंदील घेऊन नदीपर्यंत गेलेला माणूस तो. एकदा पुन्हा सांगून बघ. तरी हो म्हणाले तर ये, मी स्टेशनवर असेन.

आदेशदादाला आवर. कारखान्यातल्या टोपाने सगळंच बंद होतं. मला विमान ऐकू यायला नको आणि कंट्रोल ऐकू यायला हवं. शिवाय विमानासाठी मंजूर झालेलाच हेडसेट लागतो, बाजारातला गाणी ऐकायचाही चालत नाही. हे मी आतापर्यंत इतक्या जणांना समजावलं आहे की घसा बसला.

मोठी आई, तू माझं एक काम करशील? दुकानात सगळेच हेडसेट मऊ लागतात. शांत दुकानात पाच मिनिटं घालून काय कळणार? खरं कळतं ते गोंगाटात, दुसऱ्या तासानंतर. मी इथे अडकलेय आणि परत करायची मुदत सरत चालली आहे. तुझं डोकं माझ्याच मापाचं, मी शाळेत असताना आपल्या दोघींची एकच टोपी होती. माझ्यासारखाच तुझा जाड काड्यांचा चष्मा, माझ्यासारखाच मागे अंबाडा. तू तो घालून मिल चालू असताना दुपारभर बस, आणि कुठे रुततं, कुठे आवाज शिरतो ते मला लिही. वायरीवर बॅटरीची डबी आहे, तिचं बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो. लोक हसतील, त्याला माझा इलाज नाही.

माझी नोकरी तुझ्या डोक्यावर ठेवते आहे. लोभ असावा आणि अंबाडा घट्ट असावा.

तुझी,
दिव्यानी


गोंडपिपरी
दि. १९ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
कमळाचे अ. उ. आ.

आधी तुझ्या कामाचं. हेडसेट डोक्याला चांगला आहे. टाळूवरची गादी रुतत नाही, वजनही मानेला जाणवत नाही. पण तासाभराने चष्म्याच्या काड्या कानामागे टोचायला लागल्या, आणि तिथूनच फट पडून मोटारीचा आवाज शिरायला लागला. मग मी जुना तारेच्या काडीचा चष्मा काढून घातला. फट गेली, टोचणं गेलं, आणि चार वाजेपर्यंत मी तशीच बसले. डबीची वायर पदरात अडकते. तुला पदर नाही, पण पट्ट्यात अडकेल, तेव्हा चिमटा लाव. हाच ठेव, पण जाड काड्यांचा चष्मा बदल. आदेशचा मित्र परवा बल्लारशाहून रेल्वेने तिकडे येतो आहे, त्याच्या हाती पाठवते.

आता दुसरं. बटण दाबलं आणि मोटार एकदम लांब गेली, जणू कुणी तिला उचलून शेतापलीकडे नेऊन ठेवली. चाळणीची खडखड, पाखडणाऱ्या बायांचं बोलणं, सगळं वेगवेगळं कानावर यायला लागलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मिलमध्ये मी माणसाचा साधा आवाज ऐकलेला नव्हता. बाया मला बघून हसत होत्या, त्यांना वाटलं मला काहीच ऐकू येत नाही.

तेवढ्यात नेहमीचं गिऱ्हाईक पोचू धान घेऊन आला. यांच्याशेजारी उभा राहून म्हणाला, की मालक, माय गेली आमची मंगळवारी. आणि तुझे मोठेबाबा काय म्हणाले असतील? हसले. हसून हो, हो म्हणाले आणि पोतं काट्यावर घेतलं.

माझा हात कपाळावर गेला. वाटलं आता पोचू चिडेल. तो चिडला नाही. त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या माणसाला सांगितलं, मालकाले ऐकू येत नाई ना गा, तोंडासमोर जाऊन बोला लागते. तो माणूस म्हणाला, मले मालूम आहे. बायाही माना हलवत होत्या. दिव्यानी, सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त मला नाही.

संध्याकाळी मिल बंद झाल्यावर हे ओट्यावर पाठमोरे बसले होते. मी दारातून साध्या आवाजात म्हटलं, मी जाते. मान वळली नाही. आणखी जवळ गेले, पुन्हा म्हटलं. नाही. हातावर हात ठेवला तेव्हा दचकले, वळले, माझं तोंड बघितलं आणि हसून हो म्हणाले. तेच हसू, जे पोचूला दिलं.

मला दया यायला हवी होती. मला राग आला. असा राग की मी आत जाऊन भांडी आपटली, आणि तेही यांना ऐकू गेलं नाही. गिऱ्हाइकांना कळतं आणि बायकोपासून लपवायचं? पंधरा वर्षं मी स्वतःला टाकलेली समजत होते, दिव्यानी. माझ्या भावाशी बोलणं तुटलं. याची भरपाई कोण करणार?

अजून काही ठरवलेलं नाही. तुझं तेवढं नीट होऊ दे. जीव आहेच तुझ्यावर.

तुझी,
मोठी आई


हैदराबाद
दि. ५ जानेवारी २०२५

ती. मोठी आई हिस,
दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

तपासणी झाली, मी को-पायलटच्या खुर्चीतच राहिले. तारेचा चष्मा, तू पसंत केलेला हेडसेट, वायरीला चिमटा. दोन तास डोकं दुखलं नाही.

पण खरं सांगते, हेडसेटने सगळं झालं नाही. उतरताना मधेच रेडिओ खरखरला आणि एक वाक्य गेलं. पूर्वी मी अंदाजाने काहीतरी म्हटलं असतं. परत सांगा म्हणायची मला लाज वाटते, समोरच्याला वाटेल हिला येत नाही. तेव्हा मला पोचूसमोर हसणारे मोठेबाबा आठवले, आणि मी परत सांगा म्हटलं. मागे बसलेल्या कॅप्टननी काहीच लिहिलं नाही.

तुझा राग रास्त आहे. माझाही आहे त्यांच्यावर. पण त्यांना चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे ने, आदेशदादाला सोबत घे. मग चीड, भांड, इकडे ये, काय वाटेल ते कर. खाट घेतलेली आहे. कोणत्या तारखेची गाडी धरतेस ते कळव.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो कुणी कुठेही राहिलं तरी सुटणार नाही.

तुझी,
दिव्यानी


गोंडपिपरी
दि. १८ जानेवारी २०२५

चि. दिव्यानीस,
कमळाचे अ. उ. आ.

तुझं वाचून पेढे वाटले. बाकी सगळा वैतागच.

चंद्रपूरला न्यायला आम्हाला तीन वेळा गाडी ठरवावी लागली. दोनदा हे ऐन वेळी शेतावर निघून गेले. तिसऱ्यांदा आदेशने हात धरून बसवलं. डॉक्टरबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. यांनी त्यांना वाईट वाटू नये म्हणून सारखं दाबलं. आवाज नसतानाही दाबलं. बाईंनी मशीन बंद करून दाखवलं, तरी दाबतच होते. मग त्यांनी नीट समजावून पुन्हा सगळं घेतलं. दोन्ही कान गेलेले, मोटारीने खाल्लेले. दोन्हीकडे ऐकायची यंत्रं बसवली. मिलमध्ये ती काढून कारखान्याचे टोप घालायचे आहेत, तेव्हा आदेशचा टोप शेवटी कामाला आला.

घरी आलो. मी नेहमीसारखं विचारलं, चहा ठेवू का? यांनी दोन्ही कानांवर हात नेले आणि म्हणाले, येवढी ओरडून काऊन बोलून राह्यली?

मी चहा ठेवलाच नाही. समोर बसले आणि सगळं विचारलं. म्हणाले, तुले सांगतलं असतं तर तू मले मिलमध्ये जाऊ देली नसती. आणि मी जाते म्हटलं त्यावर हो कसं म्हणालात? म्हणाले, तू काय म्हणून राह्यली ते समजेच नाई, तोंड रागाचं दिसे, म्हणून हो म्हणत गेलो. आता समजलं का, विचारलं. समजलं म्हणाले. मग कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं आणि विचारलं, केव्हा जाणार हायेस? दिव्यानी, इतक्या वर्षांत या माणसाने मला पहिल्यांदा उलट प्रश्न विचारला, आणि मला रडू फुटलं.

तर मी सध्या येत नाही. यांना मी क्षमा केली असं समजू नकोस. पंधरा वर्षांचं बोलणं माझ्याकडे साचलं आहे, ते मी आता रोज संध्याकाळी मिल बंद झाल्यावर, अलीकडून मागे जात, काढते आहे. कालपर्यंत पोळ्याला माझा भाऊ न जेवता गेला इथवर आले, आणि त्यावर हे म्हणतात, चूक भावाचीच होती. आता हो म्हणायला तयारच नाहीत. हे संपायला उन्हाळा तरी लागेल. खाट मोडू नकोस. लोभ आहे, त्यात आणखी एक भांडणारा वाढला आहे.

तुझी,
मोठी आई